पाणी न साचणाऱ्या वावरातला भात: आधी माती ओळखा, मग अंतर ठरवा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वावरातला भाताचा एक पट्टा पांढरट पिवळा पडला. त्याला खेटून असलेला दुसरा पट्टा हिरवागार होता. जात एकच, बियाणं एकाच पोत्यातलं, पेरणी एकाच दिवसाची, पाऊस तोच. मधे बांधसुद्धा नाही. फरक एवढाच होता, की पिवळ्या पट्ट्यात मी जूनमध्ये चुना टाकला होता आणि हिरव्या पट्ट्यापर्यंत पोहोचायच्या आत चुना संपला होता.

चुना टाकायचा सल्ला वाईट हेतूने कुणी दिला नव्हता. "उंचावरच्या भाताला चुना मानवतो" असं वाचलं होतं, कृषी सेवा केंद्रातही कुणी नाही म्हटलं नाही. ईशान्य भारतातल्या डोंगरउतारांवर, ब्राझीलच्या सेराडो पठारावर ते खरंही आहे. तिथल्या जमिनी आम्लधर्मी आहेत. आमचं वावर साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, पिंपळनेरच्या पुढे, बेसाल्ट झिजून झालेल्या मातीवर. तिथे सामू, म्हणजे मातीचा पीएच, आधीच ७.८ होता; सातच्या खाली माती आम्ल, वर गेली की विम्ल म्हणजे अल्कलीधर्मी. हे मला नंतर कळलं, कारण माती तपासून घ्यायचं मी नंतर केलं. हा सगळा लेख त्या उलट्या क्रमातून आला आहे.

खानदेश म्हटलं की कापूस, केळी, ज्वारी, मिरची डोळ्यापुढे येते, भात कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. पण नवापूर, अक्कलकुवा, धडगाव आणि साक्रीचा पश्चिम पट्टा इथे पिढ्यान्‌पिढ्या भात होतो. काही ठिकाणी खाचरं आहेत, चिखलणी करून लावणी होते. पण कितीतरी वावरं अशी आहेत जिथे पाणी ठरतच नाही. उतार, मुरमाड बरड जमीन, फूट-दीड फुटावर खडक. तिथे भात ज्वारीसारखा पेरतात किंवा टोकतात, म्हणजे हाताने दाणे खोचतात. मराठवाड्यात यालाच पेरसाळ म्हणतात. आपण इथे त्याला कोरड्या वावरातला भात म्हणू.

पाणी गेलं की नेमकं काय जातं

भाताला पाणी लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण खाचरातलं साचलेलं पाणी तहान भागवण्यापलीकडे आणखी तीन कामं करतं, आणि कोरड्या वावरात ती तिन्ही कामं आपल्या अंगावर पडतात.

पहिलं काम तणाचं. चार बोटं पाणी उभं असेल तर बहुतेक तणांचं बी रुजतच नाही. कोरड्या वावरात भात आणि तण एकाच दिवशी उगवतात, आणि सुरुवातीला तण जास्त जोमाने वाढतं.

दुसरं काम मातीच्या रसायनाचं. हे समजून घेतलं की बाकी सगळं सोपं होतं. पाणी साचलं की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग मातीतले जिवाणू श्वासासाठी दुसरा आधार शोधतात आणि लोहाच्या गंजाकडे वळतात. त्यात गंजाचं रूप बदलून ते पाण्यात विरघळतं आणि मुळांना मिळायला लागतं. गंजाला चिकटून बसलेला स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही त्याबरोबर सुटतो. शिवाय पाणी साचलेल्या जमिनीचा सामू, मूळचा आम्ल असो की विम्ल, काही आठवड्यांत ६.५ ते ७ च्या आसपास येऊन ठेपतो. म्हणजे खाचर स्वतःच स्वतःची माती दुरुस्त करून घेतं.

कोरड्या वावरात यातलं काहीच घडत नाही. लोह गंजाच्याच रूपात राहतं. मातीत ते ढीगभर आहे, आमच्या तांबूस मातीचा रंगच त्याचा, पण भाताच्या मुळाला ते मिळत नाही. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं हे गंजरूपी लोह हजार पटीने घटतं. मी चुना टाकून सामू वाढवला तेव्हा नेमकं हेच केलं. आधीच अपुरं मिळणारं लोह आणखी बंद करून टाकलं.

गवतवर्गातली पिकं अशा वेळी मुळातून एक खास द्रव सोडतात. तो लोहाला पकडून आत आणतो. बार्ली यात सगळ्यात पुढे, गहूही चांगला. भात या रांगेत अगदी शेवटी उभा आहे. हजारो वर्षं पाण्यात वाढल्यावर त्याला त्याची गरजच पडली नसावी, असं मला वाटतं.

तिसरं काम नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं. पाण्याखाली नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहतं. हवा खेळणाऱ्या मातीत त्याचं नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर वाहतं. जुलैत एका रात्रीत जोराचा पाऊस पडला, की बरड जमिनीतून कालचा युरिया खाली निघून गेलेला असतो.

पिवळं पान वाचायला शिका

आमच्या शेजारच्या वहिनी त्या ऑगस्टमध्ये बांधावरून म्हणाल्या होत्या, "ताई, युरिया टाकी दिधा, तरी बी पिवयंच शे." त्यांच्या वावरात चुना नव्हता, तरी भात पिवळा होता. पिवळेपणाचं औषध म्हणजे युरिया, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. म्हणून एक झाड उपटून हातात घ्या आणि कोणतं पान पिवळं आहे ते आधी बघा.

खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी होत असतील आणि वरची कोवळी पानं हिरवी असतील, तर नत्र कमी आहे. नत्र झाडात फिरतं, त्यामुळे झाड जुन्या पानातून ते काढून नव्या पानाला देतं.

उलट, वरचं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, किंवा पुढे पुढे सगळं पानच कागदासारखं पांढरं, आणि खालची जुनी पानं अजून हिरवी, तर लोह कमी आहे. लोह झाडात फिरत नाही. जुन्या पानात गेलं ते तिथेच राहिलं. इथे युरिया टाकला तर झाड आणखी नवी पानं काढायला जातं, आणि ती अजून पांढरी निघतात.

तिसरी खूण जस्ताची. पेरणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात, झाडं खुजी राहतात आणि वावरात ठिकठिकाणी खड्डा पडल्यासारखी दिसतात. याला खैरा म्हणतात.

वहिनींच्या झाडाचं वरचं पान पांढरं होतं. दोघींनी मिळून हिराकस फवारला. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, घ्यायचं. लिंबूफुलामुळे हिराकस पंपातच गंजत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारायचं, आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. पांढरी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून धीर सोडू नका. फवारणीनंतर निघणारं पान बघा. तोच हिराकस जमिनीत टाकला असता तर आमच्या सामूच्या मातीत थोड्याच दिवसांत त्याचा पुन्हा गंज झाला असता. म्हणून लोह पानावाटे द्यावं लागतं.

जस्ताचं तसं नाही. झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो पेरणीच्या वेळी शेणखतात मिसळून जमिनीत देता येतं. फक्त ते डीएपीत, म्हणजे स्फुरद असलेल्या खतात, कालवू नका. स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि पिकाला दोन्ही नीट मिळत नाहीत.

मातीत काय टाकायचं

माती तपासायला घेताना वावरातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. वीतभर खोल, आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एकसारखी चकती काढा. सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेल्याचे पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो राहील एवढं करा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. उताराच्या वावरात वरचा आणि खालचा भाग वेगळा तपासा. आमच्याकडे वरच्या भागात मुरूम आणि खाली काळी, दोन्हींचा अहवाल एक कसा येईल? मृद आरोग्य पत्रिका देण्याची योजना २०१५ पासून आहे, आणि नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पत्रिकेत बघायचे आकडे थोडेच: सामू, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद, लोह आणि जस्त.

सामू साडेपाचच्या खाली असेल तर चुन्याचा विचार करा. खानदेशातल्या बेसाल्टच्या मातीत असा आकडा क्वचितच येतो. साडेआठच्या वर असेल आणि जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट झालेली, असेल तर जिप्सम लागतो, पण तशा जमिनीत कोरडा भात मुळात घेऊच नये. आपल्याकडची बहुतेक भातवावरं या दोन टोकांच्या मध्ये असतात. त्यांना रसायनाने ओढूनताणून दुरुस्त करायची गरज नसते. त्यांना हवा असतो सेंद्रिय कर्ब.

म्हणून शेणखत. हा शब्द इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला अर्थ झिजून गेला आहे, पण कोरड्या भातात शेणखत जे काम करतं ते दुसरं काहीच करत नाही. एकरी ४ टन, म्हणजे साधारण आठ बैलगाड्या, यातून २० किलोच्या आसपास नत्र येतं आणि त्यातलंही पहिल्या वर्षी थोडंच सुटतं. नत्राच्या हिशेबाने बघितलं तर युरियाची एक गोणी बरी. पण शेणखत बरड मातीला पाणी धरून ठेवायला शिकवतं. ऑगस्टमध्ये पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली की हाच फरक दिसतो. शिवाय सेंद्रिय पदार्थ कुजताना त्यातून निघणारी आम्लं लोह आणि जस्ताला धरून मुळापर्यंत पोहोचवतात. म्हणजे खाचरात पाणी जे काम करतं, त्यातलं काही शेणखत करतं.

मात्र ते पूर्ण कुजलेलं हवं. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. ते शेणखत मुठीत घेऊन दाबतात आणि हात उघडतात. उग्र वास आला, काडी ओळखू आली किंवा आत पांढरी अळी दिसली तर ते गाडी परत फिरवतात. अर्धं कच्चं खत म्हणजे हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, घर आणि तणाच्या बियांची पेरणी. हलक्या जमिनीतल्या भाताची मुळं हुमणीने एकदा खाल्ली, की ओळ धरून झाडं वाळत जातात.

पेंढ्याचंही असंच आहे. ताजा पेंढा पेरणीच्या तोंडावर मातीत गाडू नका. पेंढ्यात एक भाग नत्रामागे साठ-सत्तर भाग कर्ब असतो. एवढा कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतून उचलतात, मग कोवळ्या रोपाला उपाशी राहावं लागतं. पेंढा उन्हाळ्यातच कुजवा, नाहीतर पेरणीनंतर ओळींच्या मधे आच्छादन म्हणून पसरा. वर पडलेला पेंढा मातीतलं नत्र फारसं ओढत नाही, ओल धरतो आणि तण दाबतो. गुरांना पुरून उरला तरच, हे वेगळं सांगायला नको.

बांधावर गिरीपुष्प लावा. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पहिल्या पावसात फाटा रोवला तरी रुजतो. त्याचा पाला कोवळा आणि नत्राने भरलेला असतो, आठवडा-दोन आठवड्यांत कुजतो, पेंढ्यासारखा नत्र ओढून घेत नाही. पेरणीआधी पाला पसरून वखराची पाळी द्यायची. फांद्यांच्या काड्या मात्र मातीत नकोत, त्या चुलीला.

आता राखेबद्दल, कारण ही गोष्ट आपल्याकडे अक्षरशः उकिरड्यावर पडलेली असते. भात गिरणीत एक क्विंटल साळीमागे साधारण २० किलो तूस निघतो. तो जाळला तर ४ किलोच्या आसपास राख उरते आणि त्या राखेचा फार मोठा भाग सिलिका असतो. भात हे सिलिका खाणारं पीक आहे. पानाच्या सालीत सिलिकाचा थर बसला की पान ताठ राहतं, करप्याच्या बुरशीला आत शिरायला अवघड जातं, खोडकिडीच्या अळीचे दात झिजतात. पण राख काळी हवी. तूस धुमसत, कमी हवेत जळाला की राख काळी होते आणि तिच्यातली सिलिका विरघळू शकते. भडका उडून पांढरीशुभ्र झालेली राख दिसायला छान, पण फार तापल्यामुळे तिच्यातली सिलिका स्फटिक होऊन बसते आणि पिकाला सहजी मिळत नाही. गिरणीच्या मागच्या ढिगात वर पांढरी आणि आत काळी असते, आतली भरून आणा. लाकडाची राख मात्र वेगळी. ती सामू वाढवते, म्हणून साडेसातच्या वरच्या जमिनीत ती टाकू नका.

कापसाच्या पऱ्हाट्यांचा कोळसा करून शेतात घालण्याची चर्चा अलीकडे खूप आहे. बरड जमिनीत तो ओल धरायला मदत करतो. पण तोही सामू थोडा वर नेणारा आहे, म्हणून शेणखतात मुरवून आणि थोड्या जागेत करून बघावा, एवढंच माझं म्हणणं.

दोन चुडांत किती जागा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण दोन उलटे सल्ले एकाच वेळी कानावर येतात. एक म्हणतो दाट पेरा म्हणजे तण दबेल. दुसरा म्हणतो विरळ लावा म्हणजे फुटवे वाढतील. दोन्ही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या जमिनीत.

विरळ लावणीचा सल्ला मादागास्करमध्ये जन्मलेल्या पद्धतीतून आला. १९८० च्या दशकात फ्रेंच धर्मगुरू आंरी द लोलानिये यांनी ती बसवली. कोवळं एकेक रोप, २५ बाय २५ सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरला १६ चूड. एका जागी वाढणारी रोपं म्हणजे एक चूड. आपल्याकडची चारसूत्री पद्धत डॉ. एन. के. सावंत यांनी दिली. तिच्यात १५ आणि २५ सेंटीमीटर आलटून पालटून अंतर ठेवतात, त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचतात. हिशेब करून बघा: १५ अधिक २५ म्हणजे ४० सेंटीमीटरचा चौकोन, हेक्टरात ६२,५०० चौकोन, तेवढ्याच गोळ्या, म्हणजे १६९ किलोच्या आसपास खत. चुडं चौरस मीटरला २५. फार विचार करून बसवलेली पद्धत आहे. पण या दोन्ही पद्धती मूळच्या लावणीच्या, चिखलणी केलेल्या, पाण्याची हमी असलेल्या खाचरांसाठी आहेत.

कोरड्या बरड वावरात एका झाडाला २५ बाय २५ ची जागा दिली तर काय होतं? फुटवा फुटायला पानाच्या बगलेतल्या डोळ्याला उजेड लागतो, तो मिळाला. पण नत्र आणि ओलही लागते, ती नाही. झाड चार-पाच फुटव्यांवर थांबतं. उरलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे तण येतं. म्हणून कोरड्या वावराचा नियम असा: माती जितकी हलकी तितकी चुडं जवळ, माती जितकी सुधारत जाईल तितकं अंतर वाढवा. शेणखत आणि अंतर हे दोन वेगळे विषय नाहीत. शेणखत पडलेल्या वावरातलं झाड जास्त जागा भरू शकतं, म्हणून त्याला जास्त जागा द्यायची.

आकड्यात सांगायचं तर मध्यम वावरात ओळीतलं अंतर २० सेंटीमीटर आणि चुडातलं १५. चौरस मीटरला ३३ चूड. प्रत्येक चुडात चार दाणे टोकले तर १३३ दाणे, हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला सव्वातीन ग्रॅमच्या वर थोडं, म्हणजे एकरी साडेतेरा किलो बियाणं. तेच फोकून पेरलं तर एकरी ४० किलोसुद्धा जातं, म्हणजे चौरस मीटरला ४०० दाणे. त्यातले निम्मे उगवले तरी गर्दीत एकमेकांना सावलीत टाकतात, खालचे फुटवे मरतात, बारीक काडी, लहान लोंबी. आणि त्या गर्दीत निंदणी करताना हात कुठे घालायचा? बायका वाकून वाकून तण समजून भात उपटतात, कारण तीन पानांवर असताना पाखड आणि भात सारखेच दिसतात. ओळीत असलं तर ओळीबाहेरचं ते तण, एवढं सोपं होतं. मला ओळीचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो आणि तो बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, कारण सांगणारा निंदायला वाकत नाही.

बैलाचं कोळपं चालवायचं असेल तर ओळीत ३० सेंटीमीटर लागतात. मग चुडातलं अंतर १० करा. गुणाकार तोच राहतो, चौरस मीटरला ३३ चूडच. पण वावरात घडणारी गोष्ट थोडी बदलते: ओळीच्या आत झाडं भांडतात आणि मधल्या पट्ट्यात ऊन जास्त दिवस जमिनीवर पडतं, म्हणजे तणाला जास्त दिवस संधी. तेव्हा कोळपणी दोनदा वेळेवर होणार असेल तरच ३० घ्या. पेरणीनंतरच्या पंधराव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत वावर स्वच्छ राहिलं पाहिजे, त्यानंतर भाताची सावली जमिनीवर पडते आणि तो स्वतःचं बघून घेतो.

टोकणीला टेप लागत नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत २० सेंटीमीटरच्या आसपास भरते, आणि आडवी आठ बोटं १५ च्या आसपास. आम्ही सुतळीला आठ-आठ बोटांवर कुंकवाच्या खुणा करतो. दोघी दोन टोकांना बसतात, ओळ संपली की दोरी एक वीत पुढे. उतार असेल तर दोरी उताराला आडवी. उभी ओळ धरली तर पहिल्याच मोठ्या पावसात प्रत्येक ओळ एक चर होते आणि शेणखत बांधाखालच्या नाल्यात जातं.

दाणे कमी टोकायचे म्हणजे प्रत्येक दाणा भरलेला हवा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बियाणं टाका, ढवळा. वर तरंगेल ते पोचट, काढून कोंबड्यांना. तळाला बसलेलं दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ धुतलं नाही तर उगवण बिघडते. मग दर दहा किलोला २५० ग्रॅम प्रमाणे अ‍ॅझोस्पिरिलम आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धन गुळाच्या पाण्यातून चोळा.

जातीबद्दल थोडक्यात. लावणीच्या खाचरासाठी काढलेली उशिराची जात कोरड्या वावरात आणू नका, सप्टेंबरअखेर पाऊस गेला की ती निसवतानाच, म्हणजे लोंबी बाहेर पडतानाच, अडकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या पेरसाळीच्या जाती आहेत, हजारीबागच्या कोरडवाहू भात संशोधनातून आलेला १०५ ते ११० दिवसांचा सहभागी धान आहे, आणि आपल्याच पाड्यांवर जपलेल्या हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, गावरान जाती आहेत. गावरान जातींना नत्र बेताने द्या, त्या उंच वाढून लोळतात. युरिया कोणत्याही जातीला एकदम नको. पहिला हप्ता पहिल्या निंदणीनंतर, ओल असताना आणि मातीत मिसळून. निंदणीआधी दिलेला युरिया तण खातं.

आपल्या वावरात मोजून बघा

वर दिलेली अंतरं ही सुरुवात आहे. आपल्या मातीचं उत्तर आपल्याच वावरात मिळतं, आणि ते शोधायला एकरभर जागा लागत नाही. तीन पट्टे घ्या, प्रत्येकी दहा-बारा ओळींचे. एकात १५ बाय १५, दुसऱ्यात २० बाय १५, तिसऱ्यात २५ बाय २०. तिन्हींना शेणखत सारखं, पेरणी एकाच दिवशी. जमलं तर प्रत्येक पट्ट्याच्या अर्ध्या भागात काळी राख टाका आणि खुंटी ठोकून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये कुठे टाकली ते आठवत नाही.

मोजायला बांबूच्या चार काठ्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. काढणीआधी ती पट्ट्याच्या मधे ठेवा आणि आतल्या लोंब्या मोजा. दहा लोंब्यांतले भरलेले दाणे मोजून सरासरी काढा. समजा चौकटीत १५० लोंब्या आल्या आणि लोंबीत ६० भरलेले दाणे, तर ९,००० दाणे झाले. हजाराचं वजन २४ ग्रॅम धरलं तर २१६ ग्रॅम, म्हणजे एकरी पावणेनऊ क्विंटलच्या आसपास. लोंब्या कमी आणि प्रत्येक लोंबी मोठी असेल तर अंतर जास्त झालं, पुढच्या वर्षी जवळ या. लोंब्या भरपूर पण लहान आणि पोचट असतील तर गर्दी झाली, किंवा निसवताना ओल कमी पडली. ओलीचं दुखणं असेल तर ते तिन्ही पट्ट्यांत दिसेल, गर्दीचं असेल तर पहिल्याच पट्ट्यात.

चौकट ठेवताना पट्ट्याच्या कडेच्या दोन ओळी आणि टोकाची हातभर जागा सोडा. कडेच्या झाडांना एका बाजूने मोकळा उजेड आणि शेजारच्या रिकाम्या जागेतली ओल मिळते, त्यांच्या लोंब्या नेहमीच मोठ्या असतात. त्या मोजल्या तर आकडा खोटा चढतो.